वादळ, पूर, दरड यांनंतर मन सावरणं: वाडीतल्या गटानं मृगाआधी काय तयारी करावी?

पाखाडी

नमस्कार मंडळी. खाडीकाठच्या आमच्या गावात आठ जणांचा गट उभा राहतोय. दोन आशाताई, एक प्राथमिक शिक्षक, बचत गटातल्या तिघी, भजन मंडळाचे बुवा आणि मी. ताडपत्री, कौलं, धान्य, पंचनाम्याची धावपळ ही कामं आता गावाच्या अंगवळणी पडली आहेत. निसर्ग (३ जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) ही वादळं आणि २२ जुलै २०२१ चा महापूर यांनी ती कोकणाला शिकवलीच. मनाचं काम मात्र आमच्यापैकी कुणालाच नीट येत नाही.

तीन गोष्टींवर जाणकारांनी नेमकं सांगावं. पहिली, सुरुवातीच्या दिवसांत लोकांना बोलतं करायचं की तो विषयच काढायचा नाही? गटात यावर दोन तट पडलेत. दुसरी, रात्री पाऊस लागला की अजूनही अर्धी वाडी जागी बसते. वर्षं उलटली तरी हे का होतं आणि त्यावर उपाय काय? तिसरी, "संकटातून माणूस घडतो" या विषयावर कुणाचं तरी भाषण ठेवावं असा प्रस्ताव आहे. आघातानंतर माणसाची वाढ होते असं म्हणतात, त्यात तथ्य किती? आणि गटानं तिच्यासाठी काही करायचं असतं का?

"सकारात्मक राहा" छापाचं नको. काय, किती, कधी आणि कुठे चुकतं, ते हवं आहे.

---

उधाण

पहिल्या प्रश्नावर तुमचे दोन्ही तट थोडे थोडे चुकतायत.

घटनेनंतर दोन-चार दिवसांत सगळ्यांना गोलात बसवून "काय काय झालं ते सगळं सांगा, मोकळे व्हा" अशी एकच मोठी बैठक घेण्याची पद्धत एके काळी सर्रास होती. तिनं पुढचा आघातविकार टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो, असं अभ्यासांत दिसलं. जागतिक आरोग्य संघटनाही ती घेऊ नका असंच सांगते. अंगातला धोक्याचा भोंगा अजून वाजत असताना तपशील उकरून काढले, तर आठवण निवत नाही, आणखी खोल रुतते. शिवाय ज्याचं फक्त घर भिजलं त्याला शेजारच्याच्या घरातला मृत्यू तपशीलवार ऐकावा लागतो. म्हणून बैठक नको. पण कुणी आपणहून बोलू लागलं तर "जाऊ दे, आठवू नका" म्हणत त्याचं तोंडही मिटवू नका. बोलायचं की नाही आणि किती, हे त्या माणसानं ठरवायचं.

त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार करा. त्यात तीनच गोष्टी आहेत: पाहा, ऐका, जोडा. हे शिकायला डॉक्टर असावं लागत नाही. तुमच्या आठही जणांना एका दिवसात सराव करता येईल.

पाहा म्हणजे आधी जागा सुरक्षित आहे का ते बघा. लोंबणाऱ्या वीजतारा, खचलेला गडगा, चिखलाखालची फुटकी काच. मग सुन्न होऊन एकाच जागी बसलेली, कपडे न बदललेली, लेकराकडे लक्ष नसलेली माणसं हेरा. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, गप्प बसलेला नजरेतून सुटतो.

ऐका म्हणजे शेजारी बसा, समोर उभं राहून नव्हे. "कसं वाटतंय?" हा प्रश्न पहिल्या दिवशी निरुपयोगी असतो. "आत्ता सगळ्यात आधी काय हवंय?" असं विचारा. उत्तर बहुधा साधं येतं: कोरडं परकर-पोलकं, चष्मा, मोबाइलचं चार्जिंग, म्हातारीची बीपीची गोळी. ते आणून दिलंत की मनाचा उपचार तिथूनच सुरू झाला. "माझं कुणीतरी ऐकलं आणि त्याप्रमाणे झालं" हा अनुभव पुरानं हिसकावून नेलेला असतो, तो यातून परत मिळतो.

जोडा म्हणजे माणसाला माणसाशी आणि माहितीशी जोडून द्या. मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांशी पहिल्या चोवीस तासांत एक फोन व्हायलाच हवा. पंचनाम्यासाठी तलाठी कधी येणार, कोणते कागद लागतात, मदतीच्या यादीत कुणाचं नाव आहे, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा आणि रोज ठरलेल्या वेळी बदला. हे कारकुनी काम वाटेल, पण महिन्याभरानंतर मनं सर्वांत जास्त करपतात ती "त्यांच्या वाडीला मिळालं, आमच्या नाही" यावरून. उघडी यादी हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

आणि ही वाक्यं गटानं टाळायचीच: "जीव वाचला हे काय कमी?", "देवाची मर्जी", "त्यांचं बघा, त्यांचं तर सगळंच गेलं", "आता रडू नका". बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, ऐकणाऱ्याला मात्र आपलं दुःख मोजून हलकं ठरवलं गेल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. आपत्तीनंतर पहिले काही आठवडे गाव एकदिलानं उभं असतं. मदतीचे टेम्पो येतात, चाकरमानी येतात, उत्साह असतो. २०२१ मध्ये पुरानंतर सात आठवड्यांनी, १० सप्टेंबरला गणपती होते. घरं भरली. गौरी-गणपती गेले, माणसं परतली, आणि खरी उतरण तिथून लागते. भिंतींना ओल, खात्यात पैसे नाहीत, ऐकायला कुणी नाही. तुमच्या गटाचं मोठं काम पहिल्या आठवड्यात नसून विसर्जनानंतरच्या आठ-दहा आठवड्यांत आहे. बहुतेक गट नेमके तेव्हाच थकून विरलेले असतात, म्हणून आठ जणांनी सुरुवातीलाच सगळी ताकद लावू नये. चार जण पहिल्या फळीत, चार जण गणपतीनंतर.

---

रात्रपाळी

उधाण यांच्याशी सहमत. वैद्यकीय बाजू सांगतो, कारण गावपातळीवर ती हमखास निसटते.

मनाच्या कामाची पहिली यादी दुःखी लोकांची नसते, ती आधीपासून औषधं चालू असलेल्यांची असते. आकडी, मनोविकार, थायरॉईड, मधुमेह, रक्तदाब. गोळ्यांचा डबा पाण्यात गेला आणि चार दिवस खाडा झाला, तर आकडीच्या रुग्णाला झटका येऊ शकतो, स्थिर असलेला मनोरुग्ण पुन्हा बिथरू शकतो. आशाताईंनी मे महिन्यातच घरटी यादी करावी: नाव, गोळीचं नाव आणि ताकद, दिवसाला किती. औषधाच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये, आणि यादीची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत उंचावरच्या घरात. प्रत्येक रुग्णाकडे किमान पंधरा दिवसांचा साठा झाकणाच्या घट्ट डबीत असावा. यादी मात्र आशाताईंकडेच राहू द्या, ती गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकू नका.

दुसरी गोष्ट, दारू. रोज पिणाऱ्याला रस्ते तुटल्यामुळे ती अचानक मिळेनाशी झाली, तर साधारण सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत हात थरथरणं, घाम, आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, नसलेली माणसं दिसणं, बडबड सुरू होते. गावात याला "भीती बसली" किंवा "बाहेरचं झालं" म्हणतात आणि माणूस हकनाक जातो. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे, रुग्णालयातच न्या.

तिसरी, ताप. पुराच्या चिखलात वावरलेल्या माणसाला अंगदुखी, डोकेदुखी, थकवा आला आणि सोबत ताप किंवा लाल डोळे असतील, तर "टेन्शन" म्हणण्याआधी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा ताप) शंका घ्या. मनाचं लेबल लावून दोन दिवस घालवणं महागात पडतं. प्रतिबंधक गोळ्या आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

आता झोप. पहिले दोन-तीन आठवडे झोप मोडणं, दचकणं, तेच चित्र डोळ्यांपुढे येणं, चिडचिड, जेवण न जाणं ही माणसाच्या मेंदूची अपेक्षित प्रतिक्रिया आहे. बहुतेकांचं हे आपोआप ओसरतं आणि लोकांना तसं स्पष्ट सांगावं. पण या काळात मेडिकलमधून अल्प्राझोलामसारखी गोळी आणून "झोप तरी लागेल" म्हणून वाटली जाते, ती थांबवा. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात निव्वळ ताणासाठी ही गोळी देऊ नये अशीच शिफारस आहे. तिची सवय लागते, आणि मन आपापलं निवण्याच्या प्रक्रियेत ती अडथळा आणू शकते. वृद्ध माणूस रात्री उठताना पडतो ते वेगळंच.

गोळीऐवजी हे करा. रोज उठण्याची वेळ एकच ठेवा, झोप कितीही झालेली असो. दुपारी चारनंतर चहा नको. पुराचे व्हिडिओ आणि अफवांचे संदेश रात्री आठनंतर बंद. अंथरुणावर पडल्यावर अर्धा तास झोप आली नाही तर उठून ओटीवर येऊन बसा आणि पेंग आली की परत जा. घाबरं झालं तर पाय जमिनीला टेकवून चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर, पाच मिनिटं. इथे एक चूक होते: जे पाण्यात बुडता बुडता वाचलेत त्यांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं की त्यांचा जीव आणखी घुसमटतो. त्यांना डोळे उघडे ठेवून समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं म्हणायला सांगा, हातात थंड पाण्याचा तांब्या द्या. काम तेच होतं.

तज्ज्ञाकडे कधी न्यायचं? वरची लक्षणं महिना उलटूनही तशीच असतील आणि कामधंदा, घर अडलं असेल तर. महिना न थांबता लगेच न्यायचं ते असे: मरणाची भाषा, सकाळपासून पिणं, दोन-तीन दिवस अन्नपाणी सोडणं, असंबद्ध बोलणं, लेकराकडे पूर्ण दुर्लक्ष. मरणाची भाषा कानावर आली तर "जीव द्यावासा वाटतो का?" असं थेट विचारा. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात घुसत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. आणि त्याच दिवशी आंब्याच्या फवारणीची औषधं त्या घरातून हलवून दुसरीकडे कुलपात ठेवा. हे एक काम शंभर समजुतींपेक्षा मोठं आहे.

टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो आणि रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. हे फळ्यावर लिहून ठेवा.

---

वहाळ

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. रात्रीच्या पावसाची भीती.

आधी हे मान्य करू की कोकणात ही भीती खोटी नाही. तिवऱ्याचं धरण २ जुलै २०१९ ला रात्री फुटलं. इर्शाळवाडीवर दरड १९ जुलै २०२३ ला रात्री आली. म्हणून "काही होत नाही, झोपा" हे वाक्य कुणाला पटत नाही आणि पटूही नये. मन जागं राहतं कारण राखण करायला दुसरं कुणी नाही असं त्याला वाटतं. उपाय तिथेच आहे: राखण वाटून घ्या.

रेड किंवा ऑरेंज अलर्टच्या रात्री पाळी लावा. दोघे-दोघे, अडीच-तीन तास, रात्री दहा ते सकाळी सहा. पाळीवरच्यांकडे विजेरी, शिट्टी किंवा देवळातली घंटा, आणि लेखी ठरवलेल्या खुणा. खाडीकाठी खूण म्हणजे पाणी अमुक पायरीला, अमुक खांबावरच्या लाल पट्ट्याला लागलं की उठवायचं. डोंगरपायथ्याला खूण म्हणजे जमिनीला नवी भेग, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं, झाडं-खांब कलणं, दारं चौकटीत अडकू लागणं. यातलं काहीही दिसलं की चर्चा न करता वाडी रिकामी. आणि दरडप्रवण म्हणून नोंद असलेल्या वाडीत खुणेची वाट पाहण्यात अर्थ नाही, भेग दिसायच्या आत डोंगर येऊ शकतो. तिथे अतिवृष्टीच्या इशाऱ्यालाच दुसरीकडे झोपायला जायचं.

बाकीच्यांना मग झोपता येतं, कारण आपल्याला उठवलं जाणार याची खात्री असते. पाळी तीन आठवडे नीट चालली की भरवसा बसतो. एकदा पाळीवाला झोपून गेला तर सगळं मोडतं, म्हणून दोघे लागतात, एकटा नाही.

हवामानाचा अंदाज दिवसातून दोनदाच बघायचा, सकाळी आणि संध्याकाळी. सोबत भरतीचं वेळापत्रक ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती आणि अतिवृष्टी एकत्र आली की खाडीतोंडाशी निचरा अडतो. कोणत्या रात्री खरंच सावध राहायचं हे कळलं की बाकीच्या रात्री भीतीला मुभा देण्याची गरज राहत नाही. सगळ्याच रात्रींना घाबरणं हे सगळ्यांत थकवणारं.

दुसरा भाग, उरलेली भीती उतरवण्याचा. साधारण पावसातही ज्यांचं काळीज धडधडतं त्यांच्यासाठी पायऱ्या करा. शून्य ते दहा अशी भीती मोजायची आणि तीन-चारच्या पायरीपासून सुरू करायचं. रिमझिमीत पडवीत पंधरा-वीस मिनिटं उभं राहणं. मग दिवसा, कुणाच्या सोबतीनं, पत्र्यावर वाजणारा पाऊस ऐकत बसणं. मग ओहोटीला खाडीकाठी जाणं, नंतर भरतीला. शेवटी त्याच खोलीत रात्री झोपणं. प्रत्येक पायरी रोज किंवा दिवसाआड, आणि भीती निम्म्यावर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. लोक चुकतात ते इथे: धडधड टोकाला गेली की उठून निघून येतात. मेंदू मग "पळालो म्हणून वाचलो" असं शिकतो आणि पुढच्या वेळी भीती दुणावते. मोठी पायरी घेऊन मध्येच सोडण्यापेक्षा छोटी पायरी पूर्ण करा. इशाऱ्याच्या दिवशी हा सराव करायचा नाही. ज्याला महिन्यापलीकडे भयाण स्वप्नं, बधिरपणा, घटना पुन्हा घडतेय असं वाटणं आहे, त्याचा सराव तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावा.

वर्षं उलटल्यावरही हे का परततं? कारण आठवण दोन कॅलेंडरांवर नोंदली जाते. निसर्ग ३ जूनला आलं, वटपौर्णिमा दोनच दिवसांवर होती. २२ जुलैच्या पुरानंतर दोन दिवसांनी गुरुपौर्णिमा. त्यामुळे तारीख जवळ आली की एकदा आणि तिथी जवळ आली की पुन्हा, असं मन हलतं. वडाला दोरा गुंडाळताना एखादीला अचानक रडू फुटलं तर ती वेडी झालेली नसते. गटानं या दोन्ही आठवड्यांत त्या घरांकडे सहज फेरी मारावी.

---

पहिली घंटा

मुलांबद्दल थोडं, कारण गटात शिक्षक आहेत.

पाच-सहा वर्षांपर्यंतची मुलं चिकटून राहतात, अंथरुण ओलं करायची सुटलेली सवय परत सुरू होते. प्राथमिक वयात पोटदुखी, शाळेला नकार, आणि पूर-पूर खेळणं. किशोरवयीन गप्प होतात किंवा भलतं धाडस करतात. अंथरुण ओलं केल्याबद्दल ओरडू नका, रात्री झोपताना एकदा नेऊन आणा, दिवा मंद चालू ठेवा. बहुतेक मुलांचं काही आठवड्यांत पूर्ववत होतं.

पूर-पूर खेळ थांबवू नका. मूल त्यातून घटना पचवतं. मात्र खेळ रोज त्याच जागी अडकत असेल, दर वेळी सगळे बुडतात आणि मुलाचा चेहरा ताठरच राहतो, तर शेजारी बसून हळूच विचारा, "होडी घेऊन कोण येतंय?" खेळात बाहेर पडायची वाट निर्माण झाली की पुरे. चित्रं काढायला द्या, पण "पुराचं चित्र काढा" असं सांगून नव्हे.

शाळा लवकर सुरू होणं हा मुलांसाठी मोठा आधार. इमारतीत चिखल असेल तर देवळाच्या सभामंडपात दोन तास भरवा. प्रार्थना, हजेरी, पाढे, तीच घंटा. पहिले पंधरा दिवस अभ्यास भरून काढण्याची घाई नको. आणि मोठ्यांनी मुलांसमोर नुकसानीचा हिशेब मांडत बसू नये. मुलं आकडे विसरतात, आवाजातला सूर विसरत नाहीत.

---

पाखाडी

मनापासून आभार, हे छापून गटात वाटतो. दोन गोष्टी राहिल्या. वाढीचं काय? आणि दुसरं, दरडीत ज्यांची माणसं सापडलीच नाहीत अशा घरांशी कसं बोलायचं? शेजारच्या तालुक्यातल्या ओळखीच्या गटाला हा प्रश्न रोज पडतो.

---

उधाण

वाढीबद्दल आधी. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये ती मोजण्यासाठी २१ विधानांची प्रश्नावली केली. पाच दिशा त्यात येतात: माणसांशी जवळीक, नव्या वाटा, स्वतःच्या ताकदीची ओळख, श्रद्धा-अध्यात्मातला बदल, जगण्याची किंमत कळणं. कोकणात या पाचही दिशा ओळखू येतील. वर्षानुवर्षं न बोलणारी भावकी एकाच चुलीवर जेवली, कधी बँकेची पायरी न चढलेल्या बाईनं विम्याचा दावा स्वतः भरला, असे बदल.

पण तीन गोष्टी भाषणात कुणी सांगत नाही. एक, वाढ आणि दुःख एकाच माणसात एकाच वेळी असतात. वाढ झाली म्हणजे दुखणं संपलं, असं नसतं. दोन, आघातानं वाढ होत नाही. आघातानं मोडलेल्या समजुती पुन्हा रचताना जी झटापट होते, तिच्यातून ती होते, तीही सगळ्यांची नाही. ज्याची झाली नाही तो कमी पडला असं अजिबात नाही. आपत्तीनंतर बहुतेक माणसं "घडत" वगैरे नाहीत, ती आपली आधीसारखी जगू लागतात, आणि तेही उत्तमच आहे. तीन, "मी बदललो" असं माणूस सांगतो ते आणि आधी-नंतर प्रत्यक्ष मोजलेला बदल यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. काही वेळा ते वाक्य म्हणजे त्या दिवसापुरता घेतलेला आधार असतो. तो काढून घेऊ नका, पण त्यावर मंडपही उभारू नका.

म्हणून भाषण नको, निदान पहिल्या वर्षात तरी नको. चिखल उपसणाऱ्याला "यातून काय शिकलात?" विचारणं क्रूर आहे. त्याऐवजी सहा महिन्यांनंतर छोटे गट करा. सहा ते आठ जण, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, दर वेळी तासभर. बायकांचा बचत गटाच्या बैठकीला जोडून. मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, पुरुष जाळी दुरुस्त करत बसतात तिथेच त्यांचा गट. हाताला काम असलं की माणूस बोलतो, खुर्च्या मांडल्या की गप्प होतो. घरात मृत्यू झालेल्यांना आणि फक्त मालमत्ता गेलेल्यांना एकाच गटात बसवू नका. प्रश्न साधे ठेवा: "आता पूर्वीपेक्षा वेगळं काय करता?", "कोण अनपेक्षितपणे उपयोगी पडलं?", "अजून काय जमत नाही?" तिसरा प्रश्न गाळू नका. शेवटची दहा मिनिटं पुढच्या आठवड्यातल्या एका कामावर, म्हणजे कुणी उघड्या जखमेनिशी घरी जात नाही.

ज्यांना लिहिता येतं त्यांना घटनेबद्दल रोज पंधरा-वीस मिनिटं, सलग तीन-चार दिवस, मनाला येईल तसं लिहून पाहता येईल. हेही पहिल्या महिन्यात नको. परिणाम मोठा नसतो, पण काहींना उपयोग होतो. लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवा आणि पुसून टाका.

---

वहाळ

उधाण, गटांबद्दल पटलं, पण बागायतदारांसाठी नुसतं बोलणं अपुरं पडतं असं माझं मत. त्यांचा घाव वेळेचा आहे. सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षं, उंच जातीच्या नारळाला सहा-सात. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली, मंडणगड पट्ट्यात निसर्गनं उभ्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा पासष्टीच्या माणसासमोर प्रश्न पैशांचा नव्हता. "हे उभं राहील तेव्हा मी असेन का?" असा होता. याला शब्दांनी उत्तर देता येत नाही.

इथे कामाची क्रम-मांडणी हाच उपचार. पहिल्यांदा घरापासून विहिरीपर्यंतची वाट मोकळी करा, सगळी वाडी साफ करायला घेऊ नका. रोज सकाळी दार उघडल्यावर पहिली नजर आडव्या झाडावर पडणार नाही एवढं आधी साधा. मग लवकर हाती लागेल असं एक पीक: दीड-दोन महिन्यांची भाजी, वर्षभरात येणारी केळी. वाचलेल्या माडांवर मिरीचे वेल. रोपांसाठी दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि रत्नागिरीजवळच्या भाट्याचं नारळ संशोधन केंद्र आहेच. मग सुपारीची रोपं, आणि ती लावताना नातवंड सोबत हवं. आठवड्याचा कागद तीन ओळींचा: एक काम घराचं, एक उत्पन्नाचं, एक माणसांत मिसळण्याचं. काम करावंसं वाटेल तेव्हा करू, असं म्हटलं की महिने जातात. खचलेल्या मनात आधी हात हलतो, इच्छा मागून येते. पहिल्या आठवड्यात कागदावरचं निम्मं झालं तरी पुरे.

---

रात्रपाळी

न सापडलेल्या माणसांबद्दल. महाड तालुक्यातलं तळीये (दरड २२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी, दोन्हीकडे शोधकार्य थांबवल्यावरही काही जण ढिगाऱ्याखालीच राहिले. अशा घरात शोक सुरूच होत नाही, तो अडकून पडतो. "गेला" म्हणणं म्हणजे आपणच त्याला मारल्यासारखं वाटतं, "येईल" म्हणणं खोटं वाटतं. त्यांना दोनपैकी एक निवडायला लावू नका. "बहुतेक तो नाही, आणि तुमचं मन वाट बघतंय, दोन्ही खरं आहे" एवढं म्हणता आलं तर पुष्कळ.

विधीची ताकद इथे कळते. देह नसताना करायचा पालाशविधी हिंदू परंपरेत आहे. किनाऱ्यावरच्या कोकणी मुस्लिम समाजात अनुपस्थित देहासाठी जनाजाची नमाज अदा करता येते. इर्शाळवाडीतल्या ठाकर समाजाच्या स्वतःच्या चालीरीती आहेत आणि त्या त्यांच्याच जाणत्यांनी ठरवायच्या. गटाचं काम एवढंच की विधी कधी करायचा हे घरानं ठरवावं, कुणी घाई करू नये, आणि खर्चामुळे तो अडू नये. घरातल्या एकाची तयारी आहे आणि दुसऱ्याची नाही असं बहुधा असतं, तर थांबावं.

मृत्यूचा दाखला आणि मदतीचे कागद हा दुसरा कडेलोट. बाप सही करताना कोसळतो. तहसील कार्यालयात गटातला एक जण सोबत जाऊ दे, फॉर्म आधी भरून न्या, म्हणजे खिडकीवर उभं राहून त्याला तीच माहिती पुन्हा पुन्हा सांगावी लागणार नाही.

बुवांसाठी एक विनंती. गावात "देव कोपला", "राखण चुकली" अशी कुजबुज सुरू झाली की वाचलेल्यांच्या डोक्यावर अपराधाचं ओझं बसतं, विशेषतः ज्यांनी त्या दिवशी एखादा निर्णय घेतला होता त्यांच्या: मुलाला घरी थांबवलं, म्हातारीला उचललं नाही. बुवांनी गुरव-मानकऱ्यांशी आधीच बोलून घ्यावं. गाऱ्हाणं घालताना गेलेल्यांची नावं घ्यावीत, वाचलेल्यांना सांभाळ म्हणावं, कुणाच्या चुकीचा उल्लेख नको. सगळं गाव एका आवाजात "होय महाराजा" म्हणतं तेव्हा ते ओझं एकट्याचं राहत नाही.

---

पाखाडी

पुढच्या रविवारी गटाची बैठक आहे. क्रम असा लावतोय: औषधांची यादी आणि फळा मे संपायच्या आत, खांबावर लाल पट्टा आणि पाळीचं वेळापत्रक मृगाआधी. १४४१६ शाळेच्या आणि देवळाच्या भिंतीवर रंगवून घेतो. भाषणाचा प्रस्ताव मागे घेतोय, त्या पैशांत चार विजेऱ्या आणि शिट्ट्या येतील. गणपतीनंतरच्या दहा आठवड्यांच्या फेऱ्यांसाठी घरं वाटून झाली की इथे लिहीन.